मामांचा कॉम्प्युटर, मामींचं कॅलेंडर आणि सारखी उडणारी विंडोज

ही केस सुटायला मला तीन आठवडे लागले आणि त्यातले पहिले दोन आठवडे मी साफ चुकीच्या मागं लागलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी काही शहाणपणाचं बोललो तर ते चापट खाल्ल्यानंतरचं शहाणपण आहे एवढं लक्षात ठेवा.

मामांचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढं. खाली टॉवेलचे आठ लूम, पहिल्या मजल्यावर राहतात, आणि गच्चीवर अर्ध्या भागात पत्रा टाकून एक खोली केलीय तिथं कॉम्प्युटर. मामांची बिलं, जीएसटीचं काम आणि मामेबहिणीचे सीईटीचे ऑनलाइन क्लास, सगळं त्याच एका मशीनवर. २०१८ ला असेंबल करून घेतलेला आय-थ्री आठव्या जनरेशनचा, ४ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या (रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी), आधी १ टीबीची हार्ड डिस्क होती, मग २४० जीबीची एसएसडी बसवली आणि ती जुनी डिस्क डी ड्राइव्ह म्हणून तशीच आत ठेवली.

प्रॉब्लेम एका ओळीचा: विंडोज उडते. फॉरमॅट मारला की काही दिवस, काही आठवडे मस्त चालतं, मग हळूहळू काहीतरी व्हायला लागतं, ब्राउझर आपोआप बंद, अपडेट अर्ध्यावर फेल, प्रिंटर सापडत नाही, आणि एके दिवशी सकाळी चालू केलं की निळी स्क्रीन, ऑटोमॅटिक रिपेअर, रीस्टार्ट, परत ऑटोमॅटिक रिपेअर, असं गोल गोल. मग मामा कॉम्प्युटरवाल्याला फोन करणार, तो गाडीवर येणार, मशीन घेऊन जाणार, ५०० रुपये आणि नवी विंडोज.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मामांचा मला फोन आला. "तू एवढं कॉम्प्युटरचं शिकलास, आणि आमी बाहेरच्याला पैसे देऊलालाव, जरा येऊन बघ की बे." मी जुळे सोलापूरला राहतो, रिपेअरिंगचा धंदा करत नाही, पण नातेवाइकांचं फुकट बघायचं म्हटलं की माझाच नंबर लागतो.

गेल्यावर पहिलं विचारलं, आत्तापर्यंत किती वेळा झालं. मामा म्हणाले दहा वेळा. मामी म्हणाल्या तीन वेळा. पोरगी म्हणाली दर वेळी माझ्या टेस्टच्या आदल्या दिवशी. इथंच खरं तर मी कागद-पेन घेऊन नीट तारखा लिहून घ्यायला पाहिजे होत्या, पण घेतल्या नाहीत, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं ना. खाली आठ लूम, वर कॉम्प्युटर. लाईटचाच घोळ असणार, दुसरं काय.

आणि गंमत म्हणजे शोधल्यावर लाईटचा घोळ सापडला पण. एसएसडी काढून माझ्या लॅपटॉपला यूएसबीने जोडली आणि विंडोजच्या लॉगची फाइल उघडली, तर कर्नल पॉवर इव्हेंट ४१ च्या तेवीस नोंदी. ही नोंद कधी पडते, तर मशीन नीट शटडाऊन न होता मध्येच बंद पडून परत चालू झालं की. तेवीस वेळा! यूपीएस बघितला तर बॅटरी फुगलेली, लाईट गेली की यूपीएस एकदा कण्हतो आणि मशीनसकट गप्प. एक्स्टेंशन बोर्डात अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, नुसती आत वळवून ठेवलेली. मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थमध्ये १४ व्होल्ट. खालच्या पोराला लूम एकदम चालू करायला लावले तर २२८ वरून काटा २०१ ला येऊन परत वर. मी मनात म्हटलं झालं, केस बंद.

यूपीएसला नवी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी टाकली, इलेक्ट्रिशियनला बोलावून वर सरळ बोर्डापासून वेगळी लाइन आणि अर्थिंग घेतलं, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टवर आलं. कॅबिनेट उघडलं तर आत अक्षरशः गादी भरायला घ्यावी एवढा टॉवेलचा कापूस, प्रोसेसरच्या पंख्याच्या खाली नमदा बसावा तसा थर. ब्लोअरने सगळं साफ केलं. एसएमपीएसचा, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायचा, व्होल्टेज लोडवर मोजला, १२ च्या जागी ११.९, म्हणजे ठीकच, पाच टक्के इकडं-तिकडं चालतं. मग मी पण तेच केलं जे कॉम्प्युटरवाला करायचा, फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकली, मामींच्या हातची कडक भाकरी आणि शेंगा चटणी खाल्ली, आणि "आता काही होत नाही मामा" असं सांगून घरी आलो.

बारा दिवस.

बाराव्या दिवशी पोरीचा मेसेज आला, नुसता फोटो, निळी स्क्रीन. खाली लिहिलं होतं, "दादा, केस बंद ना?"

आता इथून खरी केस चालू होते. नीट विचार केला तर माझं लाईटचं गणित आधीपासूनच कच्चं होतं. लाईट गेल्यावर विंडोज खराब होऊ शकते हे खरं, पण विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीने मांडते ती एनटीएफएस फाइल सिस्टिम जर्नल ठेवते, फाइलींची मांडणी कुठं काय होती ते आधी टिपून ठेवते आणि मग बदल करते, त्यामुळं मध्येच वीज गेली तर जी फाइल तेव्हा लिहिली जात होती ती जाते, पण सगळी विंडोजच झोपणं हे तेवढं सोपं नसतं. गल्लीत सगळ्यांकडे तीच लाईट जाते, सगळ्यांच्या विंडोज थोडीच उडतायत. आणि या बारा दिवसांत, निळी स्क्रीन येईपर्यंत, इव्हेंट ४१ ची एकही नोंद नव्हती. एकही नाही. म्हणजे मी जे दुरुस्त केलं ते खरंच बिघडलेलं होतं, फक्त आपल्या रोगाशी त्याचा संबंध नव्हता. असा खरा पण बिनकामाचा बिघाड सापडला की माणूस सगळ्यात जास्त फसतो.

या वेळी मी ठरवलं की फॉरमॅट मारायचा नाही. फॉरमॅट म्हणजे चोरी झाली की आधी फरशी पुसून घेण्यासारखं आहे, घर स्वच्छ होतं पण पायाचे ठसे पण जातात. कॉम्प्युटरवाल्याने दर वेळी तेच केलं आणि मी पण केलं.

विंडोज सेफ मोडमध्ये कशीबशी चालू झाली. एसएफसी स्कॅननाऊ चालवलं. ही कमांड काय करते, तर विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइली एकेक करून तपासते आणि खराब निघाली की साठवणीतली चांगली प्रत तिच्या जागी ठेवते. रिझल्ट आला की खराब फाइली सापडल्या आणि दुरुस्त केल्या. छान. सहज म्हणून परत चालवलं. परत खराब फाइली सापडल्या. लॉग उघडून बघितला तर या वेळच्या फाइली वेगळ्याच. तिसऱ्यांदा चालवलं, तिसरीच यादी, आणि त्यात आधीच्या वेळी चांगल्या निघालेल्या फाइली. मामा मागं उभे. "काय करलालास बे, नुसतं काळ्या स्क्रीनकडं बघत बसलास." मी म्हटलं मामा, तपासणाराच दर वेळी वेगळं बोलतोय. मामा म्हणाले, "मग तपासणाऱ्यालाच तपास की."

मामा बरोबर बोलले होते, मला कळायला रात्र गेली.

फाइल जर डिस्कवर खराब झाली असेल तर ती दर वेळी खराबच दिसली पाहिजे. कधी खराब कधी चांगली दिसते म्हणजे फाइल आहे तशीच आहे, बघणाऱ्याच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. डिस्कवरून प्रोसेसरपर्यंत येताना मध्ये जे जे लागतं, केबल, बोर्ड, रॅम, त्यातलं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी एक पेन ड्राइव्हवर उबंटू टाकून नेलं, म्हणजे विंडोजला हातच न लावता मशीन चालवता येतं. आधी डेटा बाहेर काढायचा होताच. त्यात मामांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ होता, एकच फाइल, ११ जीबीची. मी त्या फाइलच्या बाहेरच्या डिस्कवर तीन कॉपी केल्या, एक, दोन, तीन, आणि ती डिस्क घरी आणून माझ्या लॅपटॉपवर तिन्हींचा शा-२५६ हॅश काढला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, ६४ अक्षरांचा, आणि ११ जीबीमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. पहिली कॉपी तीन-एफने सुरू. दुसरी तीन-एफने. तिसरी बी-शून्यने.

तीन कॉपी, एकच मूळ फाइल, आणि कॉपी करताना कुठंही एरर नाही, सगळं हिरवं. मला घामच फुटला, कारण अशाच पद्धतीने मामांचा वर्षभराचा बॅकअप पण झालेला.

मग दुसरी आणि तिसरी कॉपी बाइट बाय बाइट तपासली. ११ जीबीमध्ये फक्त दोन बाइट वेगळे निघाले. दोन्ही ठिकाणी फरक एकच, बाइटच्या आठ बिटांपैकी सहावा बिट, चांगल्या कॉपीत १ आणि खराब कॉपीत ०. दोन्हीकडे तोच सहावा, आणि दोन्हीकडे १ चा ०.

आता हा सहावा बिट मजेशीर आहे. इंग्रजी अक्षरांच्या कोडमध्ये लहान लिपी आणि मोठी लिपी यात फरक फक्त याच बिटचा असतो. तो गेला की लहान अक्षर मोठं होतं. आणि आकड्यातला हा बिट गेला तर आकडा राहतच नाही, स्क्रीनवर चौकोनी डबा दिसतो. मी मामांना फोन करून विचारलं, तुम्हाला कुठं मध्येच डबा दिसलाय का. मामा म्हणाले, "मग! नोटपॅडमधल्या पार्टीच्या लिस्टमधी. हैदराबादच्या पार्टीच्या मोबाइल नंबरात ४ च्या जागी डबा आलता, मला वाटलं पोरीनं काय दाबलं." गेल्या वर्षी मे महिन्यात. पोरीला तेव्हा बोलणी पण बसली होती. म्हणजे हा आजार पहिल्या फॉरमॅटच्या आधीपासून होता आणि त्याने स्वतःची सही करून ठेवली होती.

डिस्क का नाही, हे इथं सांगायला पाहिजे कारण सगळ्यांचा पहिला संशय डिस्कवर असतो. डिस्क आणि एसएसडी दोन्ही आत लिहिताना प्रत्येक तुकड्यासोबत चूक पकडणारा आणि दुरुस्त करणारा कोड लिहितात, तुकडा दुरुस्त होण्यापलीकडं गेला तर त्या सरळ एरर देतात, गपचूप चुकीचं देणं त्यांच्याकडून फार क्वचित होतं. डिस्कच्या साटा केबलवर पण सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा कोड, असतो, केबलमध्ये गडबड झाली की तो तुकडा परत मागवला जातो आणि डिस्कच्या तब्येतीच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये सी७ या नोंदीत आकडा वाढतो. जुन्या डिस्कचा रिपोर्ट बघितला, ०५ शून्य, सी५ शून्य, सी६ शून्य, म्हणजे एकही खराब सेक्टर नाही. सी७ मध्ये ३७. या ३७ ने मला अर्धा दिवस नाचवलं, केबल बदलली, मग लक्षात आलं की हा आकडा कधी शून्य होत नसतो, जुना हिशोब तसाच राहतो, वाढतोय का ते बघायचं. वाढत नव्हता. एसएसडी पण ठणठणीत. म्हणजे ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटरवाल्याने "डिस्क गेली" म्हणून जी बदलायला लावली ती चांगलीच होती.

राहिली रॅम. घरच्या मशीनच्या रॅमला चूक पकडायची सोयच नसते, सर्व्हरच्या ईसीसी रॅमला असते, आपल्याकडं जे आत गेलं तेच बाहेर येईल असा नुसता विश्वास. मी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकलं, रात्री जेवण झाल्यावर साडेनऊला लावलं आणि तिथंच गच्चीवर चटई टाकून झोपलो. फुकटच्या व्हर्जनमध्ये चार पास, म्हणजे तपासणीच्या चार पूर्ण फेऱ्या, होतात. रात्री उठून बघितलं. चार पास, शून्य एरर, हिरवा मोठा पास.

खरं सांगतो, त्या वेळी वाटलं की सोडून द्यावं, मामांना नवीन मशीन घ्यायला सांगावं. सकाळी विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट पण चालवली, ती पण म्हणाली काही नाही.

खाली चहा घ्यायला गेलो. मामींचं भिंतीवरचं कॅलेंडर समोर होतं. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळं सोलापुरात प्रत्येक बाई पाण्याचे दिवस कॅलेंडरवर मांडते. मामी पाण्यासोबत दूध, गॅस, आणि घरातून गेलेला प्रत्येक पैसा मांडतात. मी सहज पानं उलटली आणि मामींना म्हटलं गेल्या वर्षीचं आहे का, तर त्यांनी कपाटामागून काढून दिलं.

मे महिना, एकोणीस तारीख, मामींच्या अक्षरात: कॉम्प्युटरवाला ५००. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, पाणी, पाणी, दूध, गॅस, कॉम्प्युटरवाला कुठंच नाही. ऑक्टोबर, ऊन परत वर येतं तो महिना: कॉम्प्युटरवाला ५०० आणि डिस्कचे पैसे वेगळे. नोव्हेंबर, डिसेंबर काही नाही. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, पाहुणे, काही नाही. फेब्रुवारी नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कॉम्प्युटरवाला ५००. एप्रिलमध्ये मी.

दहा वेळा नाही, मामी म्हणत होत्या तसं बरोबर तीन वेळा, आणि तिन्ही वेळा उन्हात.

आता बघा कसं होतं ते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉम्प्युटरवाल्याने डिस्क गेली म्हणून एसएसडी टाकली, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ तारखेला संपला म्हणून विंडोज ११ केली. मग चार महिने काहीच झालं नाही. सगळे म्हणाले बघा, डिस्कच गेली होती, नवीन विंडोज पण भारी आहे. खरं तर थंडी आली होती. मार्चमध्ये परत उडाली तर तोच म्हणाला विंडोज ११ या जुन्या मशीनला झेपत नाही, आणि परत १० टाकून दिली. त्याचं मला काही चुकीचं वाटत नाही, त्याने जे समोर दिसलं त्यावरून सांगितलं, मी पण तेच केलं की. मी तर कॅबिनेट साफ करून मशीन आणखी थंड केलं, आणि टेस्ट लावली रात्री गच्चीवर, वारा सुटल्यावर.

त्याच दिवशी दुपारी दीड वाजता, बाहेर ४२ च्या वर पारा, पत्र्याच्या खोलीत उभं राहवत नव्हतं, मुद्दाम खिडकी लावून घेतली, पंखा बंद, आणि मेमटेस्ट परत लावलं. मामी खालून ओरडत होत्या, "ते मशीन मरंल नाहीतर तू तरी मरशील." पहिला पास स्वच्छ. मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलो, टॉवेल मामांच्याच लूमचा. दुसऱ्या पासला, पावणेतीनच्या आसपास, खाली पहिली लाल ओळ आली. अपेक्षित एफएफएफएफएफएफएफएफ, मिळालं एफएफएफएफएफएफडीएफ.

ही ओळ वाचायची कशी ते सांगतो, कारण मला त्या क्षणी उठून नाचावंसं वाटलं. टेस्टने त्या जागी सगळे १ भरले होते. परत वाचताना सगळे १ मिळाले, शेवटून दुसऱ्या एफच्या जागी फक्त डी आला, म्हणजे एकच बिट १ चा ० झाला. कुठला? उजवीकडून मोजत सहावा. लग्नाच्या व्हिडिओतला तोच, हैदराबादच्या पार्टीच्या नंबरातला तोच. चौथ्या पासपर्यंत १९ एरर, सगळे एकाच पत्त्यावर, एकाच बिटवर.

उन्हाचा आणि याचा संबंध असा. रॅमचा प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, त्यात चार्ज भरला असेल तर समजा १, रिकामा तर ०. तो चार्ज आपोआप गळत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक कपॅसिटर दर ६४ मिलिसेकंदांत एकदा परत भरला जातो. आपल्या पाण्यासारखंच आहे. चार दिवसांनी नळ येणार हे ठरलेलं, तोवर रांजणात पाणी टिकलं पाहिजे. चांगला रांजण टिकवतो. एखाद्याला बारीक चीर असेल तर थंडीत कसंबसं तळाला पाणी राहतं आणि नळ येतो, कुणाला कळत पण नाही. उन्हाळ्यात मात्र नळ यायच्या आधीच कोरडा. गरम झालं की कपॅसिटरची गळती वाढते, आणि जो एक आधीच कमजोर होता तो ६४ मिलिसेकंद तग धरत नाही. ४ जीबीच्या पट्टीत असे साधारण ३,४०० कोटी रांजण असतात. मामांच्या पट्टीत फुटका एक.

एका बिटने सगळी विंडोज कशी पडते, असं मामेबहिणीने विचारलं आणि प्रश्न बरोबर आहे. तो बिट रॅममध्ये ठरलेल्या जागी आहे, रोज तिथं काय येऊन बसेल ते सांगता येत नाही. कधी गाण्याचा तुकडा बसला तर कुणाला कळणार पण नाही. कधी फोटो. कधी डिस्कवर लिहायला थांबलेली विंडोजची एखादी फाइल किंवा रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीचा, तुकडा, मग तो तसाच बिघडलेला डिस्कवर जाऊन कायमचा बसतो. असं साठत जातं आणि ज्या दिवशी बूट व्हायला लागणाऱ्या फाइलवर पाळी येते त्या दिवशी आपण म्हणतो आज विंडोज उडाली. ती रोज थोडी थोडी उडत होती. आणि एसएफसी जी दुरुस्ती करायला जात होतं ती पण याच रॅममधून, म्हणजे फुटक्या बादलीने पाणी उपसून घर सारवण्यासारखं. दुपारी चालवलं तर दुरुस्तीच्या नावाखाली एखादी नवीन फाइल खराब व्हायची.

अजून एक गोष्ट यात भर घालत होती. मामा रोज रात्री शटडाऊन करतात, त्यांना वाटतं रोज मशीन कोरं करकरीत चालू होतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून जे आपोआप चालू असतं त्यात शटडाऊन केलं तरी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, पूर्ण बंद होत नाही, त्याची मेमरी डिस्कवर साठवून सकाळी जशीच्या तशी परत आणली जाते. काल दुपारी काही बिघडलं असेल तर ते आज सकाळी पण हजर. खरं कोरं व्हायचं तर रीस्टार्ट. मी ते फास्ट स्टार्टअप बंदच करून टाकलं.

आता दोन पट्ट्यांपैकी कुठली? एक २०१८ ची मूळची, एक नंतर कधीतरी वाढवलेली. माझी पैज वाढवलेलीवर होती, मामांची पण. दुसऱ्या दिवशी दुपारी परत ओला टॉवेल. वाढवलेली एकटी पहिल्या स्लॉटमध्ये, चार पास, शून्य. मूळची एकटी त्याच स्लॉटमध्ये, तिसऱ्या पासला लाल ओळ, तोच बिट. मग मूळची दुसऱ्या स्लॉटमध्ये, तरीही लाल ओळ, म्हणजे स्लॉट निर्दोष, पट्टीच खराब. पट्टीच्या कडेचे सोन्याचे पिवळे दात खोडरबरने घासून परत लावली, कारण कधीकधी नुसता कॉन्टॅक्ट खराब असतो, पण एरर आलाच. दोन दुपारी यात गेल्या, माझं वजन किलोभर उतरलं असेल.

खराब पट्टी काढली, ४ जीबीवर पेन ड्राइव्हवरून कोरी विंडोज ११ टाकली, या मशीनला ती चालते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागली. दुपारी तीन वाजता एसएफसी चालवलं, स्वच्छ. लगेच परत, स्वच्छ. लग्नाच्या व्हिडिओच्या पाच कॉपी केल्या, पाचही तीन-एफने सुरू. मशीन पत्र्याच्या खोलीतून खाली हॉलमध्ये आणलं, मामी तयार नव्हत्या पण पोरीची सीईटी म्हटल्यावर झाल्या. त्यानंतर मेमधली ती भाजणारी दुपार पण गेली आणि तिच्या मॉक टेस्ट मध्येच बंद पडल्या नाहीत.

जे गेलं ते मात्र गेलं. वर्षभरात कॉपी झालेल्या फोटोंपैकी अकरा असे निघाले की वरचा अर्धा भाग ठीक आणि खाली करडा पट्टा, किंवा एका रेषेपासून पुढं सगळ्यांचे चेहरे हिरवे. बिलांच्या बॅकअपच्या झिप फाइली एकेक उघडून तपासल्या, २६ पैकी ३ उघडत नाहीत. त्यातली एक मार्चची होती, म्हणून मामांनी मार्च महिन्याची बिलं कागदावरून परत चढवली, चार रात्री बसून. पोरीला डब्यावरून आपण बोललो होतो हे मामांना आठवलं, सॉरी वगैरे त्यांच्या तोंडून निघणार नाही, पण तिला नवीन हेडफोन आणून दिला.

कॉम्प्युटरवाला मध्ये एकदा भेटला, त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, दुकानात एसी आहे, आमच्याकडं मशीन आणलं की कधी एरर दाखवतच नाही. बरोबर आहे त्याचं. मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह मी त्यालाच देऊन टाकला, आणि म्हटलं दुपारी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन लाव.

सध्या मशीन ४ जीबीवरच रखडत चालतंय, कारण रॅमचे भाव एवढे चढलेत की मामा ऐकूनच खाली लूमकडं निघून गेले. पट्टी ज्या कंपनीची आहे तिची वॉरंटी लांब मुदतीची आहे, बदलून मिळू शकते, फक्त २०१८ चं बिल पाहिजे. मामा म्हणतात बिल आहे, मी कुठलाच कागद टाकत नाही. माळ्यावरून आठ वर्षांच्या फायली खाली उतरवल्यात, दिवाणखान्यात चालायला जागा नाही, आणि मामी कॅलेंडरवर रोज एक काडी ओढतायत.